कोकणच्या दमट हवेत टिकेल अशी जुन्या लाकडाची दाणापेटी

पक्ष्यांसाठी पहिली दाणापेटी मी 2020 च्या दिवाळीत केली. त्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडकडच्या घरांवरची कौले, रिपा आणि वासे अंगणांत येऊन पडले. आमच्या गोठ्याचे छप्परही गेले. जे लाकूड धड होते ते मी पडवीच्या माळ्यावर रचून ठेवले आणि पावसाळा सरल्यावर त्यातल्याच एका फळीला चारी बाजूंनी काठ ठोकून, वर पत्र्याचा तुकडा बसवून पेटी तयार केली. आठ दिवसांत चिमण्या येऊ लागल्या. मग एका रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी वरचे दाणे सुकलेले दिसले म्हणून मी त्यांवरच नवे दाणे टाकले आणि असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी दाण्यांत बोटे घातली तेव्हा तळाचा थर कोमट, चिकट आणि हिरवट बुरशीने भरलेला निघाला. ते तीन दिवस पक्षी त्याच पेटीत खात होते. ती पेटी मी तेव्हाच काढून टाकली.

बुरशी धरलेला दाणा पक्ष्यांसाठी विषासमान असतो. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी त्यांच्या फुप्फुसांत वाढू शकते आणि तिच्या काही जातींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताची नासाडी करते. म्हणून कोकणात दाणापेटी, ज्याला आपण सर्रास बर्ड फीडर म्हणतो, करायची असेल तर तिचा आकार, शोभा आणि रंग यांचा विचार मागाहून करावा. दाण्यांपर्यंत पोचलेले पाणी खालून लगेच कसे निघून जाईल आणि वारा दाण्यांना खालून-वरून कसा लागेल, हे आधी ठरवावे. पुढे दिलेली पेटी याच हिशोबाने बेतलेली आहे, आणि तिला लागणारे जवळजवळ सर्व सामान आपल्या घराच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा आंब्याच्या खळ्यात पडलेले सापडते.

लाकूड दोन प्रकारचे लागते. सांगाड्यासाठी जुन्या छपराच्या रिपा उत्तम, कारण त्या साधारण 4 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर जाड असतात आणि वर्षानुवर्षे कौलांखाली सुकून बसलेल्या असल्याने नंतर पीळ खात नाहीत. साग, किंजळ किंवा फणस यांची रीप मिळाली तर फारच चांगले. फणसाचे लाकूड ताजे कापले की पिवळे दिसते, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि हत्यारालाही ते फारसा त्रास देत नाही. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि मुबलक असले तरी उघड्यावर ते दोन पावसाळेही धड काढत नाही. त्यात किडा पडतो आणि बोटाने दाबले तरी पीठ गळू लागते. छपरासाठी आणि तळासाठी हापूसच्या जुन्या पेटीच्या पट्ट्या वापराव्यात. बाजारात पुठ्ठ्याचे खोके आल्यापासून लाकडी पेट्या कमी झाल्या आहेत, तरी बहुतेक बागायतदारांकडे तुटक्या पेट्यांचा ढीग असतोच आणि मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. फक्त पेटीत फळे पिकवण्यासाठी पूर्वी कार्बाइडच्या पुड्या ठेवल्या जात असतील, तर कोपऱ्यांत राखाडी भुगा राहिलेला असतो. कार्बाइडमध्ये आर्सेनिकचा अंश असू शकतो, म्हणून अशा पट्ट्या घेऊच नयेत. इतर पट्ट्या ब्रशने घासून, धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवाव्यात.

काही लाकूड फुकट मिळाले तरी नाकारावे लागते, आणि ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो. जुनी दारे आणि खिडक्या दिसायला सुरेख असतात, परंतु त्यांवरच्या रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत खाली आणणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला; त्यापूर्वीच्या रंगाची खात्री देता येत नाही, आणि तो घासून काढताना उडणारी धूळ करणाऱ्यालाही घातक असते. बंदरावर भंगारात निघालेल्या होडीच्या फळ्यांचाही मोह होतो, कारण त्यांचे लाकूड भक्कम असते. परंतु होडीच्या बुडाला कालवे आणि शेवाळ धरू नये म्हणून विषारी रंग लावलेले असतात. अशी फळी दाण्याजवळ आणू नये. औद्योगिक वसाहतीतून भंगारात येणारे पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, घ्यायचे असेल तर त्यावरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ असे लिहिले असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते आणि चालते, ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीतून काढलेले असते आणि ते घेऊ नये. शिक्का चांगला असला तरी लाकडावर तेलकट किंवा रसायनाचा डाग असेल, तर ते पॅलेट जेथल्या तेथे ठेवावे.

आता खिळ्यांविषयी. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी खिळा पहिल्याच वर्षी तांबेरतो, फुगतो आणि पट्टीला तडा पाडतो. म्हणून सांध्यांसाठी स्टेनलेस स्टीलचे 4 सेंटिमीटर लांबीचे स्क्रू घ्यावेत. 304 प्रतीचे चालतात, 316 प्रतीचे खाऱ्या हवेत अधिक टिकतात. जुन्या दारांचे पितळी स्क्रू घरात असतील तर तेही उत्तम. मात्र पितळ मऊ असते आणि किंजळासारख्या कठीण लाकडात स्क्रू पिळताना त्याची मान तुटते. आमच्या वाडीतले सुतारकाका यासाठी आधी गिरमिटाने भोक पाडतात, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून बाहेर काढतात, पितळी स्क्रूला मेणबत्तीचे मेण चोळतात आणि मगच तो बसवतात. मी त्यांच्याकडून हे शिकल्यापासून एकही स्क्रू तुटलेला नाही. आंबापेटीच्या पट्ट्या पातळ असतात, म्हणून त्यांत तर भोक पाडल्यावाचून स्क्रू घालूच नये. टोकापासून 2 सेंटिमीटर आत भोक घ्यावे, नाहीतर पट्टी हमखास उभी चिरते.

कामाला लागण्यापूर्वी जुने खिळे पक्कडीने काढून घ्यावेत आणि प्रत्येक रिपेवरून एकदा लोहचुंबक फिरवावा, कारण मोडून आत राहिलेला एखादा खिळा करवतीचे दात घालवतो. मग सांगाड्यासाठी रिपेचे दोन तुकडे 30 सेंटिमीटरचे आणि दोन तुकडे 21 सेंटिमीटरचे कापावेत. रिपा कडेवर उभ्या करून लांब तुकड्यांच्या मध्ये आखूड तुकडे बसवले की 30 बाय 25 सेंटिमीटरची आणि 4 सेंटिमीटर काठाची चौकट तयार होते. प्रत्येक कोपरा गुण्याने, म्हणजे काटकोन पाहायच्या हत्याराने, तपासावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे असे समजावे. येथे अर्ध्या सेंटिमीटरची चूक राहिली तर ती छपराशी पोचेपर्यंत दुप्पट होते.

तळ हा या पेटीचा प्राण आहे. तेथे फळी लावायची नाही. खिडकीच्या डासांच्या जाळीचा, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा, 30 बाय 25 सेंटिमीटरचा तुकडा चौकटीच्या खालच्या बाजूला ताणून बसवावा आणि त्याच्या खालून आंबापेटीच्या 5 सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या आडव्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, स्क्रूने आवळाव्यात. जाळी पट्ट्यांच्या आणि चौकटीच्या मध्ये घट्ट धरली जाते, दाण्यांचा भार पट्ट्या घेतात आणि पट्ट्यांमधली मोकळी जागा पाणी व हवा यांच्यासाठी राहते. नाचणीचा दाणासुद्धा या जाळीतून पडत नाही. नायलॉनची जाळी मात्र टाळावी, कारण खार ती पहिल्या आठवड्यात कुरतडते. पट्ट्यांना खिळे मारू नयेत असे मी मुद्दाम म्हणतो. स्क्रू असले म्हणजे वर्षातून दोनदा त्या काढून जाळी धुता येते.

छपरासाठी चौकटीच्या आतल्या चार कोपऱ्यांत, आखूड बाजूंना टेकून, रिपेचे चार खांब उभे करावेत. पुढचे दोन 26 सेंटिमीटर उंच आणि मागचे दोन 20 सेंटिमीटर उंच घ्यावेत, म्हणजे 6 सेंटिमीटरचा उतार मिळतो. प्रत्येक खांबाला चौकटीच्या बाहेरून दोन स्क्रू द्यावेत, कारण एकच स्क्रू दिला तर खांब त्याभोवती फिरतो. दोन्ही बाजूंना, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, 40 सेंटिमीटर लांबीची एकेक रीप उतारावर बसवावी. ती पुढे आणि मागे सुमारे 7 सेंटिमीटर बाहेर आली पाहिजे. खांबांची वर आलेली टोके या रिपेच्या रेषेत तासून घ्यावीत. आता आंबापेटीच्या 42 सेंटिमीटर लांब आणि 7 सेंटिमीटर रुंद अशा आठ पट्ट्या या दोन रिपांवर आडव्या लावायच्या. सुरुवात खालच्या, म्हणजे मागच्या कडेपासून करावी आणि वरची प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर 2 सेंटिमीटर चढवावी. आपण कौले शाकारतो तीच ही रीत आहे. पट्ट्या एकमेकींना नुसत्या चिकटवून लावल्या तर लाकूड उन्हात आकसते, फटी पडतात आणि पाणी सरळ दाण्यांवर उतरते. चढवून लावल्या तर त्या कितीही आकसल्या तरी आत थेंब येत नाही.

छपरासाठी पत्रा वापरावा का, असे काही जण विचारतात. तेलाच्या डब्याचा पत्रा सहज मिळतो, पण एप्रिलच्या उन्हात तो इतका तापतो की पक्षी त्याखाली थांबत नाहीत, आणि त्याच्या कडा धारदार असतात. मंगलोरी कौलाचा विचारही माझ्या मनात आला होता, परंतु एका कौलाचे वजन दोन-अडीच किलो भरते आणि एवढा भार वर असलेली पेटी वाऱ्यात डोलू लागली की खांबांचे सांधे ढिले होतात.

लाकडाला बाहेरून जवसाचे कच्चे तेल पातळ हाताने दोनदा लावावे आणि ते दोन आठवडे तरी सुकू द्यावे. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ती दोरीवर पसरून वाळवावी. ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात सुकवणारे धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ते नको. आपल्याकडे वाशांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचे तेल किंवा गॅरेजमधले काळे ऑइल लावण्याची पद्धत आहे. घराच्या वाशाला ते ठीक असेल, पण काजूच्या टरफलाचे तेल कातडी भाजते आणि काळ्या ऑइलमध्ये इंजिनातले धातू उतरलेले असतात. दाणापेटीला यांपैकी काहीही लावू नये. आतल्या बाजूला कशाचाच हात देऊ नये. लाकूड कोरे असले म्हणजे काळे पडू लागलेले लगेच दिसते.

पेटी कोठे लावावी, हे आपल्या परसात थोडे फिरून ठरवावे लागते. पहिला नियम असा की नारळाखाली लावू नये. पडणारा नारळ किंवा झावळी पेटीचा चुरा करते, आणि दाणे घालायला आपणही तेथे उभे राहणार असतो. दुसरे म्हणजे पेटीची बुटकी, मागची बाजू पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे करावी, कारण दुपारनंतरचा खारा वारा आणि बहुतेक सरी त्याच बाजूने येतात. झुडूप किंवा जास्वंदीचे कुंपण तीनेक मीटरवर असावे. शिक्रा आला तर चिमण्यांना तेवढ्या अंतरात आसरा गाठता येतो, आणि मांजराला मात्र तेथून एका झेपेत पेटी गाठता येत नाही. काचेची मोठी खिडकी असेल तर पेटी तिच्यापासून एक मीटरच्या आत तरी ठेवावी किंवा दहा मीटरच्या पलीकडे तरी न्यावी. मधल्या अंतरात घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आपटतो.

टांगण्यापेक्षा खांबावर बसवलेली पेटी मला अधिक पसंत आहे, कारण ती हेलकावत नाही. पावणेदोन मीटर उंचीचा खांब जमिनीवर राहील असा पुरावा, त्याच्या माथ्यावर फळीचा तुकडा बसवून त्यावर पेटीच्या तळपट्ट्या स्क्रूने आवळाव्यात आणि खांबावर जुन्या पीव्हीसी पाइपाची नळी सरकवावी. पाइप गुळगुळीत असल्यामुळे उंदराला आणि खारीला वर चढता येत नाही. एवढे करूनही जवळच्या फांदीवरून खार उडी मारते, म्हणून आजूबाजूची प्रत्येक फांदी आणि भिंत अडीच मीटरच्या बाहेर असावी. उंदरांची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आले की त्यांच्यामागे धामण आणि नाग येतात, त्यामुळे खांबाखालची जागा रोज संध्याकाळी झाडणे हा या कामाचाच भाग समजावा.

मुंग्यांसाठी, पेटी टांगलेली असेल तर, एक सोपा उपाय आहे. नारळाची करवंटी घासून घ्यावी, तिच्या डोळ्यातून टांगायची तार ओवावी, भोक मेणाने बंद करावे आणि करवंटीत पाणी भरून ठेवावे. तारेवरून उतरणाऱ्या मुंग्या पाण्याशी थांबतात. पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

दाण्यांत तांदळाच्या कण्या, नाचणी, वरी आणि बाजरी एवढे पुरे. पेरणीसाठी आणलेले आणि उरलेले बियाणे कधीही घालू नये; त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. फरसाण, पाव, मिठाचा भात हेही नको. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढले जाते, ते वेगळ्या ठिकाणी ठेवावे, कारण तेलमिठाचे अन्न दाण्यांत मिसळले की दाणे लगेच आंबतात. एका वेळी एक मूठ, जास्तीत जास्त दोन मुठी घालाव्यात, म्हणजे दुपारपर्यंत पेटी रिकामी होते. होला दाणा अख्खा गिळतो, पण चिमणी आणि मनोली तो चोचीत फिरवून सोलतात आणि टरफल तेथेच टाकतात. ठिपकेदार मनोलींचा दहा-बारांचा थवा बसला असेल तर जवळ जाऊन ऐकावे. कुडकुड असा बारीक, सतत आवाज येत असतो आणि जाळीवर टरफलांचा फिकट थर साचत जातो. लांबून हा थर दाण्यांसारखाच दिसतो, त्यामुळे पेटी भरलेली आहे असे आपल्याला वाटत राहते आणि पक्षी मात्र उपाशी परततात. रोज सकाळी त्यावर एक फुंकर मारावी. टरफले उडून जातात आणि किती दाणे उरले ते कळते.

बुलबुल आणि तांबट दाण्यांकडे पाहत नाहीत. त्यांच्यासाठी पुढच्या खांबाला एक स्टीलचा खिळा आडवा ठेवून त्यावर पिकलेल्या पपईची फोड किंवा चिकू खोचता येतो. दयाळ किडे खाणारा आहे, तो आलाच तर झाडलेल्या जागेवर मातीतले किडे टिपायला येतो. तुमच्या भागात माकडांचा वावर असेल तर फळे मुळीच ठेवू नयेत, आणि माकडे दाण्यांसाठी येऊ लागली तर पेटी उतरवावी. एकदा त्यांना सवय लागली की नुकसान शेजाऱ्याच्या बागेचे होते, आणि तो बिचारा आधीच त्यांच्यामुळे बेजार असतो.

दर पंधरा दिवसांनी पेटी रिकामी करून घासावी. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे मिश्रण दहा मिनिटे लावून ठेवावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पूर्ण सुकल्यावरच दाणे घालावेत. एखादा पक्षी अंग फुगवून, डोळे मिटून पेटीत नुसता बसलेला दिसला, तर पेटी निदान दोन आठवडे बंद ठेवावी, म्हणजे पक्षी पांगतात आणि रोग पसरत नाही. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. म्हणून परिसरात मेलेले पक्षी दिसले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे आणि दाणे घालणे थांबवावे.

पावसाळ्यात पेटी चालू ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. रत्नागिरीकडे एका मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि त्या हवेत डब्यातले पोहेसुद्धा मऊ पडतात. उघड्यावरचे दाणे कोणत्याही छपराखाली कोरडे राहणार नाहीत. शिवाय या दिवसांत रानात किडे, अळ्या आणि गवताचे बी मुबलक असते, आणि चिमण्यासुद्धा पिल्लांना प्रामुख्याने किडेच भरवतात. म्हणून मृगाच्या आधी, मे अखेरीस, पेटी उतरवावी, तळपट्ट्या सोडून जाळी धुवावी, लाकूड दोन दिवस उन्हात तापवावे आणि सगळे सुटे भाग चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवावेत, जेथे धूर लागतो. परतीचा पाऊस गेला की ऑक्टोबरात ते खाली काढून प्रत्येक रिपेच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावे. टोक आत रुतले तर तेवढा तुकडा बदलावा. टणक लागले तर तेलाचा एक हात देऊन, तो पूर्ण सुकल्यावर, पेटी पुन्हा खांबावर चढवावी.